दारी आलेले बिऱ्हाड

गेल्या मार्गशीर्षात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र पुण्याहून आले. नेकनूरच्या शाळेत तो आमच्याजवळ संस्कृत शिकला. आता पुण्यात नोकरीस आहे. आईवडील, वडील बंधू, वहिनी आणि दोघा भावांची मुले अशी नऊ माणसे एका छपराखाली नांदत आहेत, ही आजच्या काळी समाधानाचीच गोष्ट होय. पत्राचा विषय मात्र निराळा होता. त्याच्या इमारतीत तळमजल्यावर मणिपुराहून उठून आलेले एक कुटुंब भाड्याने राहावयास आले आहे. मे २०२३ मध्ये त्या प्रांतात जो वणवा पेटला, त्यात सुमारे ६०,००० माणसे घरादारास मुकली. त्यांपैकीच हे एक बिऱ्हाड. नवरा, बायको, म्हातारी सासू आणि दोन मुले.

विद्यार्थी लिहितो, "गुरुजी, आईस त्यांच्या स्वयंपाकातील मासळीचा वास सोसत नाही. वहिनी म्हणते, माणसे भली आहेत. इमारतीतील काही मंडळी घरमालकाकडे जाऊन आली की ही माणसे काढा. त्यांच्या मुलाला शाळेत घेत नाहीत. आणि भाडेकरूंची पोलिसांत नोंद होते त्या अर्जावर ओळख देणाऱ्या स्थानिक माणसाचे नाव लागते. ते गृहस्थ माझ्याकडे आले होते. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आहे. काय करावे?"

दोन दिवसांची मुदत त्याने मागितली आणि आम्ही उत्तरास बारा दिवस लावले. त्याचे कारण पुढे येईल. प्रथम एवढेच सांगतो की, हा प्रश्न आमच्या घरास नवा नाही. शके १८७० च्या चैत्रात, म्हणजे इसवी सन १९४८ च्या एप्रिलात, नेकनुराहून उठून बार्शीत एका वाड्याच्या दाराशी जे बिऱ्हाड उभे राहिले, ते आमचे होते. आमचा जन्म त्यानंतर बारा वर्षांचा. परंतु आजीच्या तोंडून ती हकीकत इतक्या वेळा ऐकली आहे की, आम्ही त्या गाडीत नव्हतो हे कधी कधी आमचे आम्हांसच आठवून घ्यावे लागते.

तरुण वाचकांस तो काळ ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडे सांगणे प्राप्त आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, परंतु मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद संस्थानात असल्यामुळे पारतंत्र्यातच राहिले. निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारतात सामील होण्याचे नाकारले. नोव्हेंबर १९४७ मध्ये एक वर्षाचा जैसे थे करार झाला. आणि त्या वर्षात कासीम रझवी याच्या रझाकारांनी खेडोपाडी जो उच्छाद मांडला त्यामुळे हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शी, नगर, मनमाड अशा इंग्रजी अमलातून नुकत्याच सुटलेल्या गावी आली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसची सरहद्दीवरील केंद्रेही याच पट्ट्यात होती. येथे एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे की, रझाकारांस विरोध करणारे मुसलमानही होते. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांस याच कारणास्तव ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार करण्यात आले.

आमचे आजोबा नेकनूरचे ग्रामजोशी. एके रात्री निरोप आला की, उद्या रझाकारांची टोळी गावात येणार. आजीने घरातील तांब्यापितळेची भांडी मोजली. लहानमोठी एकतीस भरली. ती सर्व तिने शेजारच्या मणेरणीच्या घरी पोचविली. ही मणेरीण गावातल्या सर्व सुवासिनींस बांगड्या भरी. आम्ही घरात तिचा उल्लेख चाची असाच ऐकला आहे. चाचीने भांडी आपल्या कडब्याखाली लपविली, आजीच्या पदरात चार भाकरी बांधल्या आणि आपला मुलगा गाडीबरोबर चौसाळ्यापर्यंत दिला. पुढे वाशी, भूम या बाजूच्या आडवाटांनी तीन रात्री प्रवास करून, करोडगिरीचे नाके चुकवीत, मंडळी बार्शीस पोचली. आमचे वडील तेव्हा बारा वर्षांचे होते.

बार्शीत ज्या वाड्यात आश्रय मिळाला तेथील वृद्ध गृहिणीस सर्व माई म्हणत. या माईंनी जे केले ते आम्ही विस्ताराने लिहितो, कारण निर्वासितांस साहाय्य कसे करावे यावर याहून चांगला धडा आमच्या पाहण्यात नाही. पहिल्या संध्याकाळी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. अंघोळीस ऊन पाणी आणि नंतर पिठलेभात, एवढेच. "काय झाले, कसे झाले" हे त्यांनी आठ दिवसांनी, तेही आजी आपण होऊन बोलू लागली तेव्हा ऐकून घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीच्या कोपऱ्यात निराळी चूल मांडून दिली, आठवड्याचा शिधा मोजून दिला आणि सांगितले, "तुमचा स्वयंपाक तुम्ही करा. आमच्या पंक्तीस सणावारी या." आजी म्हणे, ती चूल पेटली तेव्हा मी प्रथम रडले. दुसऱ्याच्या ताटातील अन्न कितीही गोड असले तरी त्यावर संसार उभा राहत नाही. मग माईंनी शहराची माहिती दिली: गोडे पाणी कोणत्या आडाचे, कोणता वाणी उधार देतो, कोणता देतो परंतु वहीत दुप्पट मांडतो. आणि महिन्याभराने त्या स्वतःच आजीकडे काही मागावयास आल्या. सुनेचे बाळंतपण जवळ आले होते. डिंकाचे लाडू आणि बाळंतिणीची खुराक आजीच्या हातची हवी होती. त्या दिवसापासून आजी त्या घरात आश्रित राहिली नाही.

याउलट घडलेलेही सांगितले पाहिजे. गावातील काही प्रतिष्ठित गृहस्थांनी एका देवळाच्या सभामंडपात निर्वासितांस वस्त्रदान ठेवले. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु तेथे एकेकाचे नाव मोठ्याने पुकारण्यात येई, तो उठून पुढे जाई, आणि एक गृहस्थ त्याच्या हाती लुगडे किंवा धोतर देताना जमलेल्यांकडे पाहत. आजीचे नाव पुकारले तेव्हा ती उठली ती थेट बाहेर गेली. पुढे वर्षभर तिने दोनच लुगड्यांवर काढले. हा तिचा हट्ट होता असे वडील म्हणत. आम्हांस तसे वाटत नाही.

पैशाची गोष्ट आणखी कठीण. संस्थानातील नाणे हाली सिक्का आणि इकडचे कलदार. भाव सात हालीस सहा कलदार असा ठरलेला. आजीने कनवटीस ८४ हाली रुपये बांधून आणले होते. त्यांचे ७२ कलदार यावयास हवे होते. एका सराफाने ६० हातावर ठेवले आणि सांगितले की, निजामाचे राज्य बुडाले म्हणजे हेही कोणी देणार नाही. नवख्या माणसास शहरात प्रथम फसवितो तो चोर नव्हे, दुकानदार. माईंस हे कळले तेव्हा त्या फार हळहळल्या. "मला आधी का नाही विचारलेत?" परंतु आजी कशी विचारणार? ज्याच्याकडे राहतो त्याला आपल्या गाठीचे पैसे दाखवावयास कोणासही संकोच वाटतो. म्हणून वाचकांस सुचवितो की, अशा माहितीसाठी त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये. बोलता बोलता आपण होऊनच सांगून टाकावी.

आजोबांच्या उपजीविकेचा प्रश्न तर शास्त्रीच जाणे असा होता. गावोगावी घरे उपाध्यायांत वाटलेली असतात. परक्या भिक्षुकास यजमान मिळणार कोठून? आणि जो तो आपली वृत्ती सांभाळणार, यात कोणास दोष द्यावा? परंतु तेथील एका वयस्क उपाध्यायांनी तोड काढली. त्यांच्याकडे चातुर्मासात अनुष्ठानांची गर्दी होई. त्यांपैकी जप आणि पारायणे त्यांनी आजोबांकडे लावून दिली, आणि दक्षिणा परस्पर यजमानाच्या हातून देवविली, स्वतःच्या हाताने नव्हे. या शेवटच्या गोष्टीतील नाजूकपणा जाणत्यांच्या ध्यानात येईल.

वडिलांची शाळा हा आमच्या स्वतःच्या धंद्याचा विषय, म्हणून येथे आमचा हात थोडा सैल सुटला तर क्षमा असावी. संस्थानात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून चाले. वडील बीडच्या शाळेत हुशार म्हणून गणले जात. त्रैराशिक त्यांस तोंडी येई, परंतु उर्दूत. इकडील एका शाळेत हेडमास्तरांनी मराठी गणित फळ्यावर घातले. मुलगा गप्प उभा राहिला. त्यास दोन इयत्ता खाली बसविण्यात आले. बारा वर्षांचा मुलगा दहा वर्षांच्या मुलांत! त्या दोन इयत्ता वडिलांनी जन्मभर मनातून काढल्या नाहीत. आम्ही छत्तीस वर्षे शिक्षकी केली. दुसऱ्या गावाहून मूल आले की, त्याला काय येत नाही हे विचारण्याआधी काय येते ते त्याच्याच भाषेत विचारावे, हा आमचा नेम त्यातून आला. आता तर कायदाही या बाजूस आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वयास अनुरूप वर्गातच घ्यावे लागते, मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष शिकवणीची सोय करावी लागते. वयाचा दाखला नाही या सबबीवर प्रवेश नाकारता येत नाही, आणि जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला म्हणून मूल दाराबाहेर ठेवता येत नाही. हे कलमवार कागदावर लिहून आमच्या विद्यार्थ्याने त्या गृहस्थांबरोबर शाळेत जावे, असे आम्ही त्यास कळविले. बरोबर जावे हे महत्त्वाचे. नवख्या माणसाने एकट्याने कायदा सांगितला तर ती आगळीक ठरते. शेजाऱ्याने शेजारी उभे राहून सांगितला तर ती माहिती ठरते.

शिध्याच्या बाबतीतही अशीच सोय आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिका आता देशात कोठेही चालते, परंतु हे नवीन आलेल्यास सांगणारा कोणी लागतो. मोठ्या मुलांच्या राहण्याजेवणासाठी पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह या नावाने निघालेले पुणे विद्यार्थी गृह आहे, १९५५ पासूनची विद्यार्थी साहाय्यक समिती आहे. आमच्या नेकनुरास ज्या बंकटस्वामींचा मठ आहे, त्यांचे नाव ज्या संस्थेशी निगडित आहे ती आळंदीची वारकरी शिक्षण संस्था १९१७ साली निघाली ती माधुकरीच्या आधारावरच. परगावच्या मुलास चार घरांनी वाटून जेवू घालावे, ही रीत आमच्याकडे जुनी आहे. फक्त ती आपल्या जातीच्या मुलापुरती बहुधा राहिली, हे कबूल केले पाहिजे.

महाराष्ट्राने परक्यांस जागा दिली नाही असे मात्र कोणी म्हणू नये. कोल्हापुराजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. बायका, मुले आणि म्हातारी माणसेच अधिक. त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते. ते गेले आणि त्याच वसाहतीत सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली. तेच आजचे गांधीनगर, जेथे आमच्याकडील व्यापारीही कापडाच्या खरेदीस जातात. कल्याणच्या लष्करी छावणीत तर सिंधी निर्वासितांचे शहरच उभे राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि उल्हासनगर हे नाव पडले. लष्करी बराकीत धोतरे-लुगडी आडवी टांगून एकेका कुटुंबाने आपली खोली केली. बायकांनी पापड लाटले, पुरुषांनी ते आगगाडीत फिरून विकले. त्या वेळी आमच्यातील कित्येक शहाण्यांनी नाके मुरडली की, हे लोक फार धंदेवाईक. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांनी धंदा न करावा तर काय करावे, हे त्यांनी सांगितले नाही.

शब्दांची एक गंमत येथे सांगावीशी वाटते. निर्वासित म्हणजे ज्यास घरातून बाहेर काढले तो. या शब्दात मागची गोष्ट आहे. शरणार्थी या शब्दात पुढची आहे. शरण या संस्कृत शब्दाचा रक्षण करणारा हा एक अर्थ, आणि घर हा दुसरा. शरणार्थी म्हणजे हात जोडून आलेला दीन, असे आपण समजतो. वस्तुतः तो घर शोधीत आलेला गृहस्थ आहे. आमचे हे विवेचन आमच्या विद्यार्थ्यास ठाऊक आहे, कारण वर्गात ते आम्ही दरवर्षी करीत असू. परंतु वर्गात एक गोष्ट आम्ही कधी सांगितली नाही. ती आता सांगतो.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेस निजामाने शरणागती दिली. दिवाळी बार्शीस करून आजोबा, आजी आणि वडील नेकनुरास परतले. पाहतात तो शेजारच्या घरास कुलूप. चाचीचे कुटुंब निघून गेले होते. पोलीस कारवाईनंतर संस्थानात जे घडले त्याची चौकशी करण्यास भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांस पाठविले होते. मारल्या गेलेल्यांची संख्या त्यांनी २७,००० ते ४०,००० अंदाजिली, आणि अधिकांत अधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत आमच्या शेजारचा उस्मानाबाद होता. तो अहवाल कैक दशके दप्तरातच राहिला. २०१३ साली लोकांस पाहावयास मिळाला. रझाकारांनी जे केले त्याचे माप ज्यांनी काहीच केले नव्हते अशांच्या पदरात घातले गेले. चाचीच्या घरातील कोणी रझाकार नव्हता. ती मंडळी केवळ धास्तीने उठली आणि हैदराबाद शहरात कोठे तरी जाऊन राहिली. जाण्याच्या आदल्या रात्री तिच्या मुलाने आमची भांडी पाटलांच्या वाड्यात पोचविली. आजीने मोजली. एकतीस होती.

आजोबा गेल्यावर त्यांची जुनी पंचांगे आमच्या वाट्यास आली. निवृत्तीनंतर एके दुपारी ती चाळताना शके १८७० च्या पंचांगात, माघाच्या पानाशी, एक पोस्टकार्ड मिळाले. उर्दू आम्हांस येत नाही. बीडच्या एका सेवानिवृत्त शिक्षकमित्राकडून वाचून घेतले. कार्ड चाचीच्या मुलाचे होते, हैदराबादेहून. मजकूर थोडा. सर्व खुशाल आहेत. अम्माचा काकूंस सलाम. आणि आपण गावातील मानाचे गृहस्थ आहात, तरी नेकनुरातील अमुक घर आमचे आहे आणि आम्ही कोणत्याही गैर गोष्टीत नव्हतो, एवढे दोन ओळी लिहून सही करून पाठवावे, म्हणजे आम्हांस परत येण्यास धीर होईल.

आजोबांस उर्दू उत्तम येत होते. त्यांनी उत्तर पाठविले नाही. याविषयी आम्हांस संशय नाही, कारण आजी शेवटपर्यंत म्हणे की, "चाचीचा पत्ता लागला असता तर." पत्ता घरातच होता. आजोबा दुष्ट नव्हते. त्या दिवसांत तशी सही करणारास गावात काय ऐकावे लागले असते, याची आम्ही कल्पना करू शकतो. त्यांनी कार्ड फाडलेही नाही, पंचांगात ठेवले. ज्यांस बार्शीत माईंनी दार उघडले होते, ज्यांच्यासाठी एका परक्या उपाध्यायाने आपल्या ताटातील घास काढून दिला होता, त्यांस नऊ महिन्यांत दोन ओळी लिहवल्या नाहीत. ३० जानेवारी १९४८ नंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूस आमच्या ज्ञातीची घरे जळाली, माणसे पुण्यास पळाली, हे आमच्या घरोघर अजून सांगितले जाते, आणि त्या वेळी शेजाऱ्यांनी साक्ष दिली की नाही याचा हिशेबही ठेवला जातो. हा दुसरा हिशेब ठेवलेला आम्ही क्वचितच पाहिला.

चाचीच्या घराच्या जागी आता सिमेंटचे गोदाम आहे. तिच्या नातवंडांचा शोध आम्ही हैदराबादेत दोनदा केला, लागला नाही.

विद्यार्थ्याच्या पत्रास बारा दिवस का लागले हे आता वाचकांस कळले असेल. अखेर आम्ही लिहिले ते असे. अर्जावर सही कर. त्यांची कागदपत्रे आधी नीट पाहा, भाड्याचा करार नोंदलेला आहे ना याची खात्री करून घे. डोळे मिटून सही करण्यास आम्ही सांगत नाही. परंतु खात्री पटल्यावर दोन दिवस घेऊ नकोस. इमारतीच्या सभेत तू बोलू नकोस, तुझ्या वडिलांस बोलू दे. वयस्क माणसाचे ऐकतात. मासळीच्या वासाचे म्हणशील तर तुझ्या आईस दोष देऊ नकोस. जन्माची सवय व्याख्यानाने जात नाही. त्यांच्या स्वयंपाकघरास धूर ओढणारा पंखा नसेल तर घरमालकाकडून बसवून घे, आणि तुमची ती खिडकी त्या वेळेपुरती लावून घ्या. जेवावयास लगेच बोलावू नका. आधी त्यांच्याकडून काही मागा. म्हातारीस विणकाम येत असेल तर वहिनीने शिकावयास जावे. मुलास मराठी शिकवा, पण त्याच्या भाषेतले अंक तुमच्या मुलांनी आधी शिकावेत.

पौषात त्याचे उत्तर आले. सही त्याने केली. शाळेने मुलास सहावीत, त्याच्या वयाच्या वर्गात, बसवून घेतले. तो संध्याकाळी गणित घेऊन वर येतो. सभेत वडील बोलले, तरी दोघे गृहस्थ अजून जिन्यात भेटले की तोंड फिरवितात. पंखा बसावयाचा आहे. आईचे खिडकीवरून कुरकुरणे चालूच आहे. मात्र संक्रांतीस तळमजल्यावर तिळगूळ घेऊन कोणी जावे यावर तिचे आणि वहिनीचे भांडण झाले, आणि शेवटी आईच गेली.